साप माणसाळतो का? गारुड्याच्या टोपलीपासून हाफकिनच्या प्रयोगशाळेपर्यंत

पावसाळा सुरू झाला की आमच्या मोरा-उरण भागात सापांच्या गोष्टी सुरू होतात. भाताच्या खाचरांवर भराव पडले, खारफुटी मागे हटली, कंटेनरची यार्डे उभी राहिली, पण साप काही कुठे गेले नाहीत. बिळात पाणी शिरले की ते पडवीत, न्हाणीघरात, लाकडांच्या ढिगात आसरा शोधतात. या दिवसांत दवाखान्यात दोन टोकांची माणसे भेटतात. काहींना साप दिसला की तो मारायचाच असतो. अलीकडे मात्र दुसऱ्या टोकाची तरुण मुलेही दिसू लागली आहेत. मोबाइलवर कुणीतरी नागाच्या फण्याला हात लावताना त्यांनी पाहिलेले असते. "डॉक्टर, रोज हाताळला की साप आपल्याला ओळखायला लागतो ना? चिडका साप माणसाळवता येतो ना?" असा त्यांचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. पण नुसते "नाही" म्हटले की तरुणांना ते पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. साप काबूत आणायचा प्रयत्न आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे. गारुड्यांनी केला, भाविकांनी केला, डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनीही केला. त्यातून काय हाती लागले ते पाहिले की आपण काय करायचे तेही आपोआप कळते.

सवय होणे, माणसाळणे आणि पाळीव होणे

आधी तीन शब्द वेगळे करू. कुत्रा हा पाळीव प्राणी आहे. हजारो वर्षे माणसाने शांत, सोबतीला राहणारे कुत्रे निवडून त्यांची पैदास केली. त्यामुळे कुत्र्याच्या पिल्लात माणसाची ओढ जन्मापासून असते. हत्ती माणसाळतो. तो जंगलातून पकडलेला असला तरी कळपात राहणारा प्राणी आहे, म्हणून माहुताशी त्याचे नाते जुळू शकते.

साप कळपात राहत नाही. आपल्याकडचे बहुतेक साप पिल्लांना वाढवत नाहीत. सोबत, माया, आज्ञा पाळणे या गोष्टींची गरजच त्याच्या आयुष्यात कधी पडली नाही. त्याला होते ती फक्त सवय. एखादी गोष्ट वारंवार घडली आणि तिच्यापासून इजा झाली नाही, तर तो तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. घराशेजारून लोकल जात असेल तर काही दिवसांनी आपल्याला तिचा आवाज जाणवत नाही, तसेच हे. पण एखाद्या दिवशी लोकलने जोरात हॉर्न दिला तर आपण दचकतोच. सापाचेही तसेच होते. फरक इतकाच की तो दचकला की चावतो.

"चिडका साप" हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारतो, फुरसे अंगाचे वेटोळे घासून करकर आवाज काढते. हे सगळे इशारे आहेत. "मी घाबरलोय, जवळ येऊ नका" एवढाच त्यांचा अर्थ. आमच्याकडे ओढ्यात, शेतात सापडणारा दिवड बिनविषारी आहे, पण पकडला की कडाडून चावतो. तो स्वभावाने दुष्ट नाही. त्याला पळायला जागा मिळालेली नसते.

गारुड्याची टोपली

आमच्या पिढीने लहानपणी गारुडी पाहिलेला आहे. पुंगी वाजायची, टोपलीचे झाकण उघडायचे आणि नाग डोलायला लागायचा. नाग संगीतावर डोलतो ही समजूत तिथूनच पक्की झाली.

प्रत्यक्षात सापाला बाहेरचा कान नाही आणि कानाचा पडदाही नाही. जमिनीतली कंपने त्याला जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत जाणवतात. हवेतले काही आवाजही त्याला कळतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. पण पुंगीचा सूर ऐकून तो डोलत नाही. अंधाऱ्या टोपलीतून एकदम उजेडात आल्यावर समोर हलणारी वस्तू त्याला धोका वाटते. तो फणा उभारतो आणि पुंगी जिकडे जाईल तिकडे तोंड वळवतो. आपण ज्याला डोलणे म्हणतो, तो खरे तर सावध पवित्रा असतो. उभा राहिलेला नाग साधारण उचललेल्या अंगाइतक्याच अंतरापर्यंत झडप घालू शकतो. गारुड्याला हे अंतर अचूक माहीत असते आणि तो त्याच्या बाहेर बसतो.

एवढ्यानेही भागत नसे. अनेक गारुडी नागाचे विषदंत उपटून टाकत, काही विषग्रंथीला इजा करत, तर काही तोंड दोऱ्याने शिवून टाकत. डॉक्टर म्हणून याचा परिणाम सांगतो. तोंडात जखम होते, जंतुसंसर्ग होतो, खाणे बंद पडते. असा साप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उपासमारीने मरतो. जो नाग "शांत" वाटायचा तो बऱ्याचदा आजारी असायचा.

दात काढण्याचा उपायही कायमचा नाही. सापाच्या विषदंतामागे राखीव दातांची रांगच असते. एक पडला की काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्याच्या जागी दुसरा येतो. दात काढला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला तोच साप पुढे जीवघेणा दंश करू शकतो.

नागपंचमीचे दूधही याच इतिहासात बसते. साप दूध पिणारा प्राणी नाही. आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते द्रव पितो, एवढेच. ते दूध त्याला पचत नाही आणि श्वासमार्गात गेले तर फुप्फुसांचा आजार होतो. हळद-कुंकवानेही त्याच्या डोळ्यांना आणि त्वचेला त्रास होतो. त्यापेक्षा आपल्या आज्यांची रीत शहाणपणाची होती. पाटावर चंदनाने नाग काढायचा, त्याची पूजा करायची, त्या दिवशी चिरायचे-कापायचे नाही, पुरणाची दिंडे उकडायची आणि शेतात नांगर घालायचा नाही. त्या एका दिवशी तरी बिळातला साप बिळात सुखाने राहत असे.

बत्तीस शिराळा

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जगभर माहीत झाली ती जिवंत नागांच्या पूजेमुळे. गोरखनाथांची कथा तिथे सांगतात. महाजनांच्या घरी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला त्यांनी जिवंत नागाच्या पूजेची परंपरा दिली, अशी श्रद्धा आहे. सणाच्या आधी गावातली मंडळे शेतशिवारातून नाग पकडत, मडक्यांत ठेवत, सणाच्या दिवशी मिरवत आणि नंतर पुन्हा सोडून देत.

हे नाग माणसाळलेले असत का? तसे म्हणता येणार नाही. शिराळ्याच्या जाणत्यांना नागाची चाल, बिळाची खूण, फण्याचा कल यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले होते. कौशल्य होते ते माणसांच्या हातांत. दुसरी बाजू अशी की अनेक दिवस मडक्यात कोंडलेला, गर्दीने आणि वाद्यांनी भेदरलेला प्राणी थकतो. थकवा आणि मैत्री बाहेरून सारखीच दिसू शकतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे आणि त्यांचे प्रदर्शन करणे यावर बंधने आली. शिराळ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबून प्रतिमांची पूजा सुरू झाली. गावाला याचे दुःख झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक उद्देशाने २१ जणांना नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली. परंपरा आणि कायदा यांचा मेळ कसा घालायचा हे गाव आणि सरकार ठरवतील. डॉक्टर म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की शिराळ्याचे फोटो पाहून इतर गावांतल्या मुलांनी नाग हातात धरू नये.

कलकत्ता, सायगाव आणि परळ

साप काबूत येत नाही, मग त्याच्या विषावर तरी उतारा सापडेल का? एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी हा प्रश्न हाती घेतला. कलकत्त्यात सर्जन जोसेफ फेरर यांनी प्राण्यांवर शेकडो प्रयोग केले आणि १८७२ साली भारतातल्या विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी प्रसिद्ध असलेले मुळ्या, मणी, औषधी गोळ्या असे अनेक उतारे त्यांनी तपासले. खरोखर विष भिनलेल्या प्राण्याला त्यांतला एकही वाचवू शकला नाही. पुढे फेरर आणि लॉडर ब्रंटन यांना एक महत्त्वाची गोष्ट दिसली. नागाच्या विषाने श्वास थांबतो, पण कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला तर प्राणी जास्त काळ जगतो. आज नाग किंवा मण्यार चावलेल्या रुग्णाला आम्ही व्हेंटिलेटर लावतो, त्याचे मूळ या निरीक्षणात आहे.

पुढची पायरी फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांची. ते सायगावला असताना १८९१ साली पुरामुळे नाग वस्तीत शिरले आणि अनेकांना दंश झाले. काल्मेत यांनी या विषाचा अभ्यास सुरू केला. प्राण्याला विषाचे अगदी थोडे डोस वाढवत वाढवत दिले की त्याच्या रक्तात विषाला अडवणारी प्रथिने तयार होतात. हे तत्त्व वापरून १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावरची लस तयार झाली. पॅरिसमध्ये फिसालिक्स आणि बर्त्राँ हे शास्त्रज्ञही त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला पोचले होते.

इथे मुंबईचा भाग येतो. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. हीच आजची हाफकिन संस्था, तिला हे नाव १९२५ साली मिळाले. या प्रयोगशाळेत काम केलेल्या जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवले की नागाच्या विषावरची लस घोणसाच्या विषावर चालत नाही. सापाप्रमाणे विष वेगळे, म्हणून लसही वेगळी हवी. आज आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, त्याचे कारण हेच.

मोऱ्याच्या कोळी बांधवांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापांवर ही लस बनवलेली नाही. म्हणून जाळ्यातला साप हाताने काढू नका. लांब काठीने बाजूला करा.

हाफकिनचे साप

लस बनवायची तर विष हवे, आणि विष हवे तर साप पाळायला हवेत. हाफकिनमध्ये यासाठी सर्पालय होते. डॉ. पी. जे. देवरस यांनी तिथे सापांवर आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या विषाच्या प्रमाणावर संशोधन केले. भारतातल्या सापांवरचे त्यांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले आणि सामान्य वाचकांपर्यंत ही माहिती पोचवली.

या सर्पालयात रोज साप हाताळणारी माणसे होती. पद्धत अशी की आकड्याने साप उचलायचा, मान नेमकी पकडायची आणि काचपात्रावर ताणलेल्या पातळ पडद्यावर त्याला चावायला लावायचे. विषाचे थेंब पात्रात पडतात. ते वाळवून साठवतात आणि अतिशय कमी मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रथिने शुद्ध करून लस बनते.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर इथेच मिळते. साप माणसाळण्यासारखा असता, तर वर्षानुवर्षे रोज साप हाताळणाऱ्या अशा जागी तो माणसाळला असता. पण तिथे कुणी सापावर विश्वास टाकला नाही. प्रत्येक वेळी आकडा, ठरलेली पकड, शेजारी दुसरा माणूस आणि हाताशी लस. शंभराव्या वेळीही नियम पहिल्या वेळचेच.

चेन्नईजवळच्या इरुळा समाजाची गोष्टही अशीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून त्यांची कातडी विकणाऱ्या या लोकांचा धंदा १९७२ च्या कायद्याने बंद झाला. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, काही आठवडे मडक्यात ठेवून विष काढतात, खूण करतात आणि पुन्हा रानात सोडतात. देशातल्या लशीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा या संस्थेकडून येतो. भारतात सापांना त्यांच्याइतके जवळून ओळखणारे लोक थोडेच असतील, आणि ते साप सोबत ठेवत नाहीत, परत सोडतात.

पुण्यातले ७२ तास

"मग नीलिमकुमार खैरे?" हा प्रश्न मला हमखास येतो. जानेवारी १९८० मध्ये पुण्यात खैरे यांनी काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर ७२ तास काढले. त्यांत बहुसंख्य साप विषारी होते. हा विक्रम वर्तमानपत्रांत गाजला आणि एका पिढीची सापांबद्दलची भीती त्याने कमी केली. पुढे १९८६ साली त्यांच्या पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले.

त्या खोलीतले साप खैरे यांना ओळखत नव्हते. अंगावर चढलेला साप झटकायचा नाही, हलक्या हाताने बाजूला करायचा, घाईची हालचाल करायची नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. धोका वाटला नाही की साप चावत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. ७२ तास जो काबूत राहिला तो माणूस होता. ही शिस्त सापांसोबतच्या दीर्घ अनुभवातून येते. व्हिडिओ पाहून ती येत नाही.

घरात साप पाळायचा का?

भारतातला कुठलाही रानटी साप, विषारी असो की धामण-दिवडासारखा बिनविषारी, पकडून घरात ठेवणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायदा आणखी कडक झाला आहे. परदेशी जातीच्या सापांसाठीही सरकारकडे नोंदणीचे नियम आहेत.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांच्या घरी मात्र कायद्याने परवानगी असलेला कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन असू शकतो. हे साप कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, म्हणून थोडे शांत असतात. तिथले जाणकार सांगतात ते नियम असे. नवा साप आणल्यावर निदान आठवडाभर त्याला हात लावू नका. लपायला जागा आणि योग्य ऊब द्या. खाणे दिल्यावर दोन दिवस उचलू नका. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, बाजूने सावकाश न्या. कात टाकण्याच्या काळात डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही, तेव्हा दूर राहा. इतके करून भीती कमी होते. चिडकेपणा एकदम वाढला तर आधी आजार, थंडी किंवा भूक यांचा विचार करा.

डॉक्टर म्हणून एक भर घालतो. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या, सरड्याच्या, कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे लहान मुलांना तीव्र जुलाब, ताप, कधी रक्तात संसर्ग होतो. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाळीव कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, खूप वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर असा प्राणी नकोच. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नयेत.

"मला चावून काही होत नाही"

साप पकडणाऱ्या काही मुलांना दोन-तीन दंशांनंतर वाटते की आपल्या अंगात विष पचवण्याची शक्ती आली. हा समज जिवावर बेततो. दंशांपैकी काही कोरडे असतात, म्हणजे साप चावतो पण विष सोडत नाही. अशा दंशातून माणूस काहीही न करता बरा होतो आणि श्रेय मंत्राला, मुळीला किंवा स्वतःच्या ताकदीला देतो. उलट वारंवार विषाशी संपर्क आला तर काहींना विषाची ॲलर्जी होते. मग पुढचा छोटा दंशही काही मिनिटांत रक्तदाब कोसळवू शकतो.

फ्लोरिडातील बिल हास्ट यांचे उदाहरण काही जण देतात. ते १९४८ पासून स्वतःला सौम्य केलेले विष टोचून घेत. त्यांना आयुष्यात दीडशेहून अधिक दंश झाले आणि ते १०० वर्षे जगले. पण त्यांच्या हातांची दंशांनी वाताहत झाली होती आणि अनेकदा ते मरणाच्या दारातून परतले. एका माणसाच्या नशिबावरून उपचार ठरत नाहीत.

दुसरे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. अमेरिकन सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की हे २००१ साली म्यानमारच्या दुर्गम भागात काम करत होते. सहकाऱ्याने आणलेल्या पिशवीत त्यांनी हात घातला आणि मण्यारच्या छोट्या पिल्लाने दंश केला. मण्यारच्या दंशाची खूण फार बारीक असते, सूज जवळपास नसते. काही तासांत त्यांचे स्नायू लुळे पडले. सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देऊन त्यांना एक दिवसाहून जास्त काळ जिवंत ठेवले, पण पावसामुळे हेलिकॉप्टर पोचू शकले नाही आणि ते गेले. त्यांच्याइतके सापांविषयी जाणणारे जगात मोजकेच होते.

आकडे आणि आपण

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. साधारण निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. त्याआधीच्या २०११ च्या अभ्यासात दिसले होते की मरणाऱ्यांपैकी फक्त २३ टक्के लोक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात मेले. बाकीचे तिथे पोचलेच नाहीत, किंवा पोचूनही उपचाराविना परतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांत केला, आणि केंद्र सरकारने २०२४ साली हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली.

लहान गावातूनही मोठे काम होऊ शकते, हे आपल्याच रायगड जिल्ह्याने दाखवले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. सर्पदंशावरही त्यांनी लेखन केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू तेव्हाही तेवढेच विषारी होते. उपचार सुधारले, म्हणून माणसे वाचू लागली.

साप चावला तर

१. सापापासून दूर व्हा. त्याला मारत किंवा पकडत बसू नका. दुरून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या. सापाची जात कळली नाही तरी लक्षणांवरून आम्ही उपचार करू शकतो.

२. रुग्णाला धीर द्या, आडवे करा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घट्ट कपडे काढा. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवा. रुग्णाला चालवू नका.

३. कापू नका, चोखू नका, बर्फ किंवा मुळी लावू नका, दोरी आवळून बांधू नका. दोरीने हात-पाय काळा पडून गमावल्याची उदाहरणे आहेत.

४. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. मोऱ्यातून थेट लाँचने मुंबई गाठायचा विचार करू नका. पहिला उपचार जवळच होऊ द्या, पुढे कुठे पाठवायचे ते डॉक्टर ठरवतील.

५. पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळताना त्रास, बोलणे अडखळणे ही नाग-मण्यारच्या विषाची लक्षणे. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, वाढती सूज, लघवी कमी होणे ही घोणस-फुरशाची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी आणि जड पापण्या घेऊन उठला तर अंगावर खूण नसली तरी मण्यारचा संशय घ्या.

रुग्णालयात २० मिनिटांत रक्त गोठते का ते साध्या काचेच्या नळीत पाहतात. विष भिनल्याची चिन्हे असतील तर लस शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. लशीची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

आणि चावूच नये म्हणून काय करायचे, हेही आपल्याच हातात आहे. रात्री बॅटरी, शेतात गमबूट, झोपताना खाट किंवा नीट खोचलेली मच्छरदाणी, घराभोवती अडगळ आणि उंदीर कमी. घरात साप शिरला तर मुलांना लांब करा, एकाने दुरून नजर ठेवावी आणि वनविभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. सर्पमित्र मुलांना माझी विनंती आहे की आकडा, नळी आणि पिशवी यांशिवाय हात घालू नका, गळ्यात साप घालून फोटो काढू नका आणि गावाला दाखवत बसण्यापेक्षा तो लवकर सोडून द्या. तुम्ही वाचवलेला साप तुम्हाला ओळखत नाही. तुमचे आईवडील ओळखतात, आणि ते घरी तुमची वाट पाहत असतात.